जावास्क्रिप्टमधली जुनी चूक कोणी दुरुस्त का करत नाही?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. तेव्हापासून 'टाइपऑफ नल' विचारलं की उत्तर 'ऑब्जेक्ट' येतं. चूकच आहे. दुरुस्तीचा प्रस्तावही आला होता, पण जुन्या साइट्स तुटतील म्हणून बारगळला.

मला त्याहून भारी वाटतो तो २०१८ चा किस्सा. या भाषेचं स्टँडर्ड ठरवणारी समिती म्हणजे टीसी३९. ॲरेच्या आतले ॲरे सपाट करणारं 'फ्लॅटन' फंक्शन त्यांना आणायचं होतं. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीत त्याच नावाचं फंक्शन आधीच होतं. मूटूल्स लूप फिरवून ॲरेची फंक्शन्स दुसरीकडे कॉपी करायची, आणि ब्राउझरचं स्वतःचं फंक्शन त्या लूपला दिसतच नाही. झालं, 'फ्लॅटन' कॉपी होईना. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत एक साइट तुटली. कोणीतरी गमतीत 'स्मूश' नाव सुचवलं, त्यावरून भरपूर वाद झाला, आणि शेवटी २०१९ च्या स्टँडर्डमध्ये 'फ्लॅट' आलं.

साइटवाल्यांनी कोड बदलावा, असं म्हणणं सोपं आहे हो. पण कित्येक साइट्सना आता वालीच नाही, आणि पान उघडलं नाही की आपण शिव्या ब्राउझरलाच घालतो. याच मूटूल्समुळे त्याआधी 'कन्टेन्स'चं 'इन्क्लूड्स' करावं लागलं होतं.