'पृथ्वी' ते 'अर्क': पुण्याचा हवामान सुपरकॉम्प्युटर वारंवार का बदलावा लागतो? उंद्रीच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

जून उजाडला की बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात, उंद्रीसारख्या गावांमध्ये एकच चर्चा असते. पेरायचं की थांबायचं? सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिकं, आणि बरीचशी शेती पावसावरच. पहिल्या सरीवर पेरलं आणि नंतर पावसाने ओढ दिली, तर बियाणं आणि खताचा खर्च मातीत जातो. वर दुबार पेरणीचं संकट उभं राहतं.

अशा वेळी मोबाइलवर जो पावसाचा अंदाज आपण पाहतो, त्यातला मोठा भाग पुण्यात पाषाणला असलेल्या एका यंत्राच्या आकडेमोडीतून येतो. या यंत्राचं नाव 'अर्क'. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत म्हणजेच 'आयआयटीएम'मध्ये हा सुपरकॉम्प्युटर आहे. त्याआधी तिथे 'प्रत्युष' आला होता, त्याआधी 'आदित्य' आणि त्याही आधी 'पृथ्वी'.

कोट्यवधी रुपयांचं यंत्र दर काही वर्षांनी नवं का घ्यावं लागतं? आणि इतकं करूनही अंदाज कधीकधी का चुकतो? समजून घेऊया.

सुपरकॉम्प्युटर पावसाचा अंदाज कसा काढतो?

हवामानाचं मॉडेल संपूर्ण पृथ्वीवर एक जाळं टाकतं. जमिनीवर छोटे-छोटे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाच्या वर हवेचे एकावर एक थर. प्रत्येक कप्प्यातलं तापमान, वारा, बाष्प आणि हवेचा दाब यांची आत्ताची स्थिती उपग्रह, रडार, जहाजं, विमानं आणि हवामान केंद्रांकडून घेतली जाते.

मग भौतिकशास्त्राची समीकरणं वापरून पुढच्या काही मिनिटांत प्रत्येक कप्प्यात काय होईल, हे काढलं जातं. त्या उत्तरावरून त्यापुढच्या काही मिनिटांचं गणित. असं करत करत दहा दिवसांपर्यंत जायचं. हे सगळं वेळेत पूर्ण झालं तरच उपयोग. उद्याचा अंदाज परवा मिळून काय फायदा?

चौकोन लहान केला की गणित किती वाढतं?

समजा, चौकोनाची बाजू निम्मी केली. एका चौकोनाच्या जागी आता चार चौकोन आले. शिवाय चौकोन लहान झाला की वेळेची पावलंही तितकीच लहान टाकावी लागतात, नाहीतर उत्तर बिघडतं. म्हणजे काम चौपट नाही, साधारण आठपट होतं. चौकोन पुन्हा निम्मा केला की आणखी आठपट, म्हणजे एकूण ६४ पट.

यंत्र सतत बदलण्याचं मूळ कारण या हिशेबात आहे. वेग प्रचंड वाढवावा लागतो, तेव्हा कुठे चौकोन थोडा लहान होतो.

दुसरं कारण व्यवहाराचं. काही वर्षांनी जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळणं अवघड होतं. तेवढ्याच विजेत नवं यंत्र कितीतरी जास्त काम करतं. त्यामुळे जुनंच चालवत राहणं महाग पडतं.

ही सुरुवात कुठून झाली?

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून 'क्रे' कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवं असलेलं ताकदवान यंत्र अमेरिकेने दिलं नाही. हवामानाच्या कामासाठी मात्र त्यापेक्षा कमी क्षमतेचा 'क्रे एक्सएमपी-१४' दिल्लीत आला.

त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर. त्यांचा जन्म बुलडाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. १९९१ मध्ये सी-डॅकने 'परम ८०००' हा देशी सुपरकॉम्प्युटर सादर केला. त्यातल्या 'ट्रान्सप्युटर' चिप्स ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या होत्या. एकच महागडा प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचं, हे त्यामागचं सूत्र. आजचे सगळे मोठे सुपरकॉम्प्युटर याच सूत्रावर चालतात.

पाषाणमधली यंत्रं कशी बदलत गेली?

आकडे पाहण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. सेकंदाला एक लाख कोटी गणितं म्हणजे एक टेराफ्लॉप आणि अशा हजार टेराफ्लॉपचा एक पेटाफ्लॉप.

• पृथ्वी: क्षमता सुमारे ७० टेराफ्लॉप.

• आदित्य: २०१३ च्या सुमारास आला. क्षमता सुमारे ७९० टेराफ्लॉप.

• प्रत्युष: जानेवारी २०१८ मध्ये सुरू. क्षमता ४ पेटाफ्लॉप. नोएडातला 'मिहिर' २.८ पेटाफ्लॉपचा. दोन्हींचा मिळून खर्च सुमारे ४३८ कोटी रुपये.

• अर्क: सप्टेंबर २०२४ मध्ये लोकार्पण. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. नोएडातला जोडीदार 'अरुणिका' ८.२४ पेटाफ्लॉपचा. या प्रकल्पाचा खर्च ८५० कोटी रुपये.

२६ सप्टेंबर २०२४ ला अर्कचं लोकार्पण झालं, त्याच दिवशीचा पंतप्रधानांचा पुणे दौरा मुसळधार पावसामुळे रद्द झाला होता. सोहळा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर उरकावा लागला.

पृथ्वीच्या तुलनेत अर्कची क्षमता सुमारे १६८ पट आहे. आता चौकोनाकडे पाहा. जून २०१८ मध्ये प्रत्युष आणि मिहिरच्या बळावर १२ किलोमीटर चौकोनाची नवी पद्धत सुरू झाली. तीत एकच अंदाज न काढता, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून २१ अंदाज काढले जाऊ लागले. त्यातल्या बहुतेकांनी पाऊस दाखवला, तर शक्यता जास्त. 'पावसाची शक्यता इतके टक्के' असे आकडे याच पद्धतीने मिळतात.

२६ मे २०२५ ला 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली आणि चौकोन ६ किलोमीटरवर आला. हे मॉडेल आयआयटीएमने तयार केलं असून ते अर्कवर चालतं. प्रत्युषला या कामासाठी दहा तासांपर्यंत वेळ लागायचा, अर्कवर ते सुमारे चार तासांत होतं.

युरोपात काय चित्र आहे?

हवामान अंदाजात जगात दबदबा असलेलं युरोपीय केंद्र 'ईसीएमडब्ल्यूएफ' हेही याच वाटेने जातं. त्यांचे सुपरकॉम्प्युटर अनेक वर्षं इंग्लंडमधल्या रेडिंगला होते. ऑक्टोबर २०२२ पासून त्यांचं काम इटलीतल्या बोलोन्याच्या नव्या यंत्रावर चालतं. हे यंत्र फ्रान्सच्या 'अटॉस' कंपनीचं आहे आणि अर्कही त्याच कंपनीकडून आला. बोलोन्याच्या यंत्रामुळे जून २०२३ मध्ये युरोपने आपल्या अनेक-अंदाज पद्धतीचा चौकोन १८ वरून ९ किलोमीटरवर आणला.

मग उंद्रीत नेमकं काय बदललं?

१२ किलोमीटरचा चौकोन म्हणजे १४४ चौरस किलोमीटर. त्यात आजूबाजूची अनेक गावं एकत्र येतात आणि सगळ्यांना एकच आकडा मिळतो. ६ किलोमीटरचा चौकोन ३६ चौरस किलोमीटरचा. म्हणजे अंदाज तालुक्यावरून मोजक्या गावांपर्यंत आला. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने ग्रामपंचायत स्तरावरचे अंदाजही सुरू केले आहेत.

पण ३६ चौरस किलोमीटर हेसुद्धा शेताच्या मानाने खूप मोठं क्षेत्र. बांधाच्या अलीकडे सर आणि पलीकडे ऊन, हे विदर्भात नवं नाही. गडगडाटी ढग अनेकदा काही किलोमीटरचाच असतो. तो अख्खा चौकोनात मावतो आणि मॉडेलला स्वतंत्रपणे दिसतच नाही.

दुसरी अडचण माहितीची. सुरुवातीची स्थिती चुकीची घेतली, तर वेगवान यंत्र चुकीचं उत्तर फक्त लवकर देईल. नवी पद्धत सुरू झाली तेव्हा देशात ४० डॉप्लर रडार होते. ते १०० पर्यंत नेण्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. गावागावातलं पर्जन्यमापक नीट चालणं हेही तितकंच गरजेचं.

अंदाज वाचताना काय लक्षात ठेवायचं?

'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा हवामान विभागाच्या भाषेतला अर्थ ठरलेला आहे: त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. म्हणजे चारपैकी तीन ठिकाणं कोरडी राहिली, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो.

अंदाज जितका जवळच्या दिवसाचा, तितका भरवशाचा. दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर फवारणी किंवा काढणी ठरवता येते. दहाव्या दिवसाचा आकडा केवळ कल समजावा. शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी आयआयटीएमचं 'दामिनी' ही दोन्ही सरकारी ॲप मोफत आहेत.

आणि पेरणीचं काय? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला अर्क आल्यावरही बदललेला नाही. पुढच्या आठवड्यात उघडीप आहे का, हे यंत्र आता पूर्वीपेक्षा बारकाईने सांगू शकतं. पण शेतात ओल किती खोल गेली, हे पाहायला बांधावर जाऊन माती उकरूनच बघावी लागते.