ठाणे-बेलापूर पट्ट्यातला अखेरचा हिशेब
ठाणे-बेलापूर रस्त्यालगत १९६०च्या दशकात रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने उभे राहिले. नवी मुंबई हे शहर त्यानंतरचे. नोकरी सुटताना कामगाराच्या हाती काय पडावे, हे तेव्हा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने ठरे. कामगार कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९७२मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा आला. शेवटच्या मासिक पगाराला २६ने भागायचे, १५ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे: हा हिशेब पगाराच्या पावतीमागे पेन्सिलीने मांडता येतो.

१९७६पासून मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारची परवानगी लागू लागली. ती सहजी मिळेना, म्हणून १९९१नंतर व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा, रस्ता रुळला. स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येत कपात नव्हेच. त्यामुळे कामगाराच्या एका सहीने परवानगीचा प्रश्नच मिटे. ही ‘स्वेच्छा’ कितपत खरी, हा प्रश्न रास्त आहे. बंद पडू घातलेल्या कारखान्यात नकार देणे सोपे नसते. ठेकेदाराकडच्या माणसांना तर बहुधा हा देकारही नसे.