सोम आणि भूछत्र : वॉसन यांच्या सिद्धान्ताचा पुनर्विचार

ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील ११४ सूक्ते सोमपर आहेत. तथापि सोमवनस्पती कोणती, याविषयी विद्वानांत मतैक्य नाही. आर. गॉर्डन वॉसन यांनी १९६८ मध्ये सोम म्हणजे 'अमानिटा मस्कारिया' हे लाल छत्रीचे, पांढऱ्या ठिपक्यांचे मादक भूछत्र होय, असा सिद्धान्त मांडला. ऋग्वेदात सोमाची मुळे, पाने, फुले वा बिया वर्णिलेल्या नाहीत, हा त्यांचा एक प्रमुख आधार. हे भूछत्र बर्च, पाइन अशा वृक्षांच्या मुळांशी सहजीवनाने वाढते. मैदानात ते दुर्मीळ झाल्याने पर्यायी वनस्पती आल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाच्या श्रौतकोशाचे एक संपादक चिं. ग. काशीकर यांनी मात्र १९९० मधील ग्रंथात एफिड्रा या वनस्पतीचा पक्ष घेतला. एफिड्राची पाने खवल्यांएवढी सूक्ष्म असतात. त्यामुळे पानांविषयीचे मौन तिच्याशीही सुसंगत ठरते. शिवाय झरथुष्ट्री विधींत 'होम' म्हणून तिच्याच काड्या कुटल्या जातात.

तात्पर्य, केवळ ग्रंथातील मौनावर उभारलेले अनुमान निर्णायक मानता येत नाही. संहिता, जिवंत विधिपरंपरा आणि वनस्पतिशास्त्र यांची साक्ष एकत्र तपासल्याखेरीज सोमाची ओळख पटणार नाही.