पाणथळ जमिनी व त्यांची मृदा
वर्षाचा काही काळ तरी पाण्याखाली वा पाण्याने संपृक्त राहणारी जमीन. दलदल, सरोवरकाठ, खाडी हे तिचे नैसर्गिक प्रकार. धरणाचा फुगवटा मानवनिर्मित. गारखेडा (छत्रपती संभाजीनगर) परिसरासाठी महत्त्वाचे उदाहरण पैठणचा नाथसागर जलाशय. येथील मृदा बेसॉल्टजन्य, काळी, चिकण. ओलीने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाण्याखाली प्राणवायू संपला की जिवाणू लोहाचे क्षपण करतात आणि माती करडी-निळसर होते. पाणी ओसरल्यावर मुळांलगत हवा शिरते तिथे तांबूस ठिपके उमटतात. पाणथळ ओळखण्याची ही एक महत्त्वाची खूण, कोरड्या उन्हाळ्यातही टिकणारी. उघड्या पडलेल्या सुपीक गाळावर पेरणी (गाळपेर) होते. लोणार सरोवर मात्र वेगळे: तेथील पाणी व चिखल खारट, तीव्र अल्कधर्मी. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला.