लोखंडाचा इतिहास कोणाचा?

पिपरी मेघेत लोखंडाचा विषय निघाला की आम्हा मंडळींना वर्ध्याजवळच्या भूगावचा पोलाद कारखाना आठवतो. लोखंड गाळण्याची विद्या विदर्भात यंत्रयुगाबरोबर आली, असा आपला समज असतो. तो खरा नाही.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड हे गाव आहे. तेथे १९७८-८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची सुमारे २७०० वर्षांपूर्वीची भट्टी सापडली. वक्र विटांची बांधणी, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि मळी, असा तो पुरावा. ही माणसे आपल्या मृतांभोवती शिळावर्तुळे रचत. अशी वर्तुळे आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या खैरवाड्यालाही आहेत.

अशा भट्टीचे काम मोठे कौशल्याचे. आधी खनिजाचा दगड रंगावरून, वजनावरून ओळखायचा. मग फोडून लाकडी कोळशासोबत भट्टीत भरायचा आणि भाता चालवायचा. कोळशाचा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते; एवढी या भट्टीत नसे. मळी तेवढी वितळून वाहून जाई आणि स्पंजासारखा गोळा मागे उरे. तो लाल असतानाच घणाखाली ठोकला की लोखंड हाती येई.

चांद्याच्या जंगलात ही विद्या एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. मग १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला रेल्वे पोहोचली आणि विलायती लोखंड स्वस्त झाले. १८७८ च्या जंगल कायद्याने कोळसा पाडणेही अवघड केले. भट्ट्या विझत गेल्या.

याच चांद्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाविषयीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा जवळच होता; त्याच्यासाठी वर्ध्यापासून रेल्वेमार्गही झाला होता. पण त्या कोळशाचा चांगला कोक होईना. बेत राहिला. टाटांच्या कारखान्यातले लोखंड शेवटी १९११ मध्ये निघाले, तेही दूर साकचीला, आजच्या जमशेदपुरात.

टाटांचे नाव इतिहासाने लिहिले, ते योग्यच आहे. पण नैकुंडला भाता ओढणाऱ्याचे आणि चांद्याच्या जंगलात दगड पारखणाऱ्याचे नाव कोणी लिहिले? आज गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघते आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे नाव तरी उद्याच्या इतिहासात असेल का? हा प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.