वजन की माप? : गिरणीच्या यंत्रांचा प्रवास

देश बदलताना तुमच्यापैकी अनेकांनी घरसामान बोटीने पाठवले असेल. तेव्हा एजंटाने विचारले असेल, वजन किती आणि जागा किती लागणार? गिरणगाव उभे करणारी यंत्रे लँकेशायरहून मुंबईला निघाली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. पण त्याआधी दुसरा प्रश्न सुटावा लागला: ही वस्तू देशाबाहेर नेता येते का?

1781 च्या ब्रिटिश कायद्याने कापडधंद्यातील यंत्रे, हत्यारे, इतकेच काय त्यांचे नमुने आणि आराखडेही बाहेर नेण्यास मनाई केली. 1825 नंतर काही यंत्रांना परवाने मिळू लागले, कताईच्या यंत्रांवरची बंदी मात्र राहिली. पेटीत सुटा रूळ सापडला तर तो कोणत्या यंत्राचा, हे जकात अधिकाऱ्याने कसे ओळखावे? चोरटी निर्यात याच फटीतून चाले. अखेर 1843 मध्ये बंदी उठली. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ती सुरू झाली. या तारखा शेजारी ठेवून पाहा.

आता भाड्याचे गणित. जहाजाचा एक टन म्हणजे 2240 पौंड वजन किंवा 40 घनफूट जागा. ज्यात मालकाला जास्त पैसे मिळतील ते धरायचे. एक टन भरीव ओतीव लोखंडाला जेमतेम 5 घनफूट जागा पुरते, त्यामुळे त्याचे भाडे वजनावर. जोडलेल्या यंत्रात मात्र बरीचशी हवाच. तिचेही भाडे कोण भरणार? म्हणून यंत्र पूर्ण सुटे करून पाठवत.

सुएझ कालवा 1869 चा. त्याआधी केपला वळसा घालून खाऱ्या हवेत काही महिने काढावे लागत. घासून चकचकीत केलेल्या भागांना गंज लागू नये म्हणून सफेता आणि चरबीचा लेप देत. ओतीव लोखंड आपटले तर वाकत नाही, तडकते. म्हणून पेटीत ते फळ्यांनी घट्ट आवळावे लागे. पेटीवरची खूण आणि क्रमांक यादीशी जुळायलाच हवेत. एक दातेरी चाक फुटले, की पत्र लँकेशायरला जाऊन नवे चाक येईपर्यंत ते यंत्र उभेच.

सुट्या भागांतून यंत्र उभे करणारा जोडारी म्हणूनच मोलाचा. सुरुवातीला तो लँकेशायरहून येई. पुढे ही कला मुंबईतल्या कामगारांच्या हातात आली. ती त्यांनी बहुधा पाहून, हाताने करून उचलली. त्यामुळे कागदावर फारशी उरली नाही.

1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि बरीच यंत्रे भंगारात गेली. भंगारवाला रूळ कशाचा हे विचारत नाही, फक्त वजन विचारतो.

तुमच्या घरी कोणा आजोबांचा पाना, गिरणीचा पास किंवा सुट्या भागांची जुनी वही असेल, तर पुढच्या भारतभेटीत ती शोधा. फोटो काढा, नाव आणि खाते लिहून ठेवा. आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांना कंपन्यांची बिले सापडतात. यंत्र जोडणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते.