पंचगंगेची माती जाते कुठं?

ऑगस्ट २०१९. पूर ओसरल्यावर आम्ही प्रयाग चिखलीला मामाच्या घरी गेलो ते खराटे, फावडी आणि फिनेलचे कॅन घेऊनच. भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती, फरशीवर वीतभर चिखल. मी पाट्या भरून तो रस्त्यावर ओतत होतो, तेवढ्यात आजी ओरडली, "आरं, तिथं कशाला टाकतोस? मळी हाय ती. रानात टाक जा."

टीव्ही गेला होता, धान्य गेलं होतं, म्हैस कशीबशी वाचली होती आणि आजीला चिखलाची काळजी! तेव्हा मला रागच आला. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. ज्या वर्षी पाणी घरात शिरत नाही, त्या वर्षी ही माती जाते कुठं?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून चिखलीजवळ पंचगंगा होते. कोल्हापूर, इचलकरंजी करत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पुढं कृष्णा कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रातून जाते आणि विजयवाड्याच्या खाली हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला भेटते. उगमापासून साधारण १४०० किलोमीटर. शाळेच्या भूगोलात आपण 'त्रिभुज प्रदेश' वाचला, त्यातलाच एक तिथं आहे. हजारो वर्षं सह्याद्रीचा आणि दख्खनचा काळा दगड झिजत राहिला आणि त्या गाळानं ती जमीन घडली. आंध्रातल्या त्या भातशेतीत थोडी आपलीही माती आहे.

त्रिभुज प्रदेशाची एक गोष्ट आपल्याला शिकवलेली नव्हती. ती जमीन एकदा तयार झाली की कायमची राहत नाही. जुना गाळ स्वतःच्याच वजनानं दबत जातो. दर पावसाळ्यात नवा थर आला तरच जमीन समुद्राच्या वर टिकते. थर आला नाही, तर लाटा किनारा खातात आणि खारं पाणी विहिरींत शिरतं. कृष्णेच्या मुखाशी आज हेच चाललंय, कारण गाळ वाटेतच अडतो. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर... प्रत्येक भिंतीमागं पाणी संथ होतं आणि माती तळाला बसते. या किनाऱ्याला समुद्राची भीती नवी नाही. नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात तिथल्या दिविसीमेत समुद्र आत घुसला आणि हजारो माणसं गेली. जमीन खचत आणि किनारा झिजत गेला, तर पुढचं वादळ आणखी आत येईल.

मग धरणं बांधणारे चुकले का? इतकं सोपं नाही. १८३२-३३ च्या दुष्काळात गुंटूर भागात माणसं उपाशी मेली. त्यानंतर ऑर्थर कॉटनच्या पुढाकारानं विजयवाड्याला कृष्णेवर बंधारा झाला, १८५५ मध्ये. इकडं शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाचं पाटबंधारे धोरण आखलं आणि पुढं भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरंच होतं. पूर्ण झालं ते नंतर. नदीच्या दोन्ही टोकांना धरणं आली ती भुकेपोटी.

चूक पुढं झाली, असं मला वाटतं. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं : महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. पाण्याची वाटणी झाली, मातीची कुणी मागितलीच नाही. नदी म्हणजे फक्त पाणी, असं आपण धरून चाललो.

खरं तर याचं उत्तर आपल्या दारातच होतं. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दगडी खांब आणि त्यांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ मोकळा पुढं जातो. ज्या राजाराम बंधाऱ्यावर आपण दर जुलैत पाण्याची पातळी बघतो, इशारा ३९ फूट आणि धोका ४३, तोही याच पद्धतीचा. अशा बंधाऱ्यानं मोठ्या धरणाचं काम होत नाही, हे खरंय. पण त्यात एक शहाणपण आहे : अडवायचं तेव्हा अडवा, पावसाळ्यात नदीला वाट द्या.

ती वाटच आपण बुजवली. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. दर वेळी आपण अलमट्टीकडं बोट दाखवतो. २०१९ नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र मुख्य कारण म्हणून अलमट्टीचं नाव घेतलं नाही. अतिवृष्टी आणि पात्रातली अतिक्रमणं यांच्यावर भर दिला. सगळ्यांना ते पटलं नाही. पण पूररेषेतला भराव बघायला समिती लागत नाही, बाईकवरून एक चक्कर पुरते. तिकडं शिरोळात उसाला बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्यात. नदीच्या त्या टोकाला मीठ समुद्रातून येतं आणि या टोकाला आपणच ते जमिनीतून वर आणलं.

हे सगळं मी वाचलं, कारण प्रश्न घरात आला. मामाचं नदीकाठी वीस गुंठे रान आहे, आजी मळी टाकायला सांगत होती तेच. एक जण भाव विचारून गेला. भराव टाकून गाळे काढायचे म्हणाला. भाव चांगला आहे आणि मामावर कर्ज आहे. मी म्हणालो, विकू नका. मामा शांतपणे म्हणाला, "मग हप्ता तू भरतोस का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. नदीची वाट मोकळी ठेवायची तर तिची किंमत एकट्या मामानं का मोजावी? पुराला जागा देणाऱ्या शेतकऱ्याला समाजानं काही द्यायला हवं. तसं काही होईपर्यंत एकेक वीस गुंठे भरावाखाली जात राहतील, पाणी चिखलीच्या घरांत शिरत राहील आणि हंसलदीवीचा किनारा झिजत राहील. सौदा अजून झालेला नाही. आजी रोज विचारते, "रान हाय न्हवं?"